हातात धरायच्या निऑन ट्यूबचा छोटा हाय-व्होल्टेज सप्लाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात रंकाळ्यावर संध्याकाळी प्री-वेडिंग शूट करणारी पोरं, नाटकाच्या लाइटची कामं घेणारे एक-दोघे आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट शोधत फिरणारे विद्यार्थी, अशी तीन तऱ्हेची माणसं माझ्या दुरुस्तीच्या टेबलाशी येऊन एकच गोष्ट मागतात: बॅटरीवर चालणारी, हातात धरता येईल अशी खरी निऑन ट्यूब. प्रश्नही ठरलेले. तेच तेच तोंडी सांगून कंटाळलो, म्हणून एकदा लिहून काढलं. सोल्डरिंग ज्याच्या हाताला बसलंय आणि मल्टीमीटर बघून जो बिचकत नाही, त्याच्यासाठी हे आहे. पहिलंच सर्किट करणार असाल तर आधी बारा व्होल्टची चार-दोन कामं करून या.

दुकानात मीटरवर निऑन पट्टी मिळते. ती वापरली तर?

ती निऑन नाही. सिलिकॉनच्या नळीत बसवलेली एलईडीची माळ आहे. लांबून लाल रेघ दिसणं एवढंच हवं असेल तर तीच घ्या, पुढचं वाचायचीही गरज नाही.

खरी निऑन म्हणजे काचेची नळी, दोन्ही टोकांना इलेक्ट्रोड, आतली हवा काढून वातावरणाच्या एक-दोन टक्के दाबाने भरलेला वायू. हा वायू रामसे आणि ट्रॅव्हर्स यांना १८९८ मध्ये लंडनला सापडला आणि झॉर्झ क्लोदने १९१० मध्ये पॅरिसला त्याची लांब ट्यूब लोकांना दाखवली. निऑनचा स्वतःचा रंग एकच, केशरी-लाल. निळी दिसते ती आर्गॉन आणि पाऱ्याची ट्यूब, बाकीचे रंग काचेला आतून लावलेल्या पावडरचे. चेहऱ्यावर पडणारा केशरी-लाल उजेड मात्र एलईडीला जमत नाही, आणि फोटोवाले त्याच्यासाठीच येतात.

खरा निऑन हातात घेऊन बघायचा असेल तर घरातला टेस्टर काढा. त्याच्या दांड्यात जो इवलासा दिवा लागतो तो निऑनच. त्या दिव्याच्या मागे एक मोठा रेझिस्टर असतो, साधारण एक मेगाओहमचा. तो कशाला, हे पुढच्या प्रश्नात.

किती व्होल्ट लागतात?

हा प्रश्न सगळे आधी विचारतात आणि इथेच गाडी चुकीच्या रस्त्याला लागते. विचारायचं ते "किती करंट लागतो, आणि तो अडवायचा कशाने?"

ट्यूब पेटेपर्यंत ती जवळजवळ इन्सुलेटर असते. व्होल्टेज वाढवत नेलं की एका क्षणी आतला वायू आयनीभूत होतो आणि ट्यूब पेटते. पेटली की तिचा स्वभाव पालटतो: करंट जितका वाढेल तितका तिचा अडथळा कमी होतो. मग करंट आणखी वाढतो, अडथळा आणखी पडतो. मध्ये कोणी अडवलं नाही तर इलेक्ट्रोड तापतो, नाहीतर सप्लाय जळतो. जुन्या ट्यूबलाइटला चोक का लागायचा, तेही हेच कारण. टेस्टरमध्ये तेच काम तो रेझिस्टर करतो.

आता आकडे. ८ मिलिमीटर व्यासाची, एक फूट लांबीची निऑन ट्यूब पेटल्यावर अंदाजे ५०० व्होल्ट घेते असं हिशोबाला धरा. पेटवायला त्याच्या दुप्पट ते तिप्पट हवेत. करंट ५ मिलिअँपिअर. साइनबोर्डवर अशा ट्यूबला याहून जास्त करंट देतात, पण अंधारात हातात धरायला ५ पुरतो. म्हणजे ट्यूबमध्ये जाणारी पॉवर अडीच वॉटच्या आसपास. मोबाइलच्या चार्जरपेक्षाही कमी! सगळं कसब अडीच वॉट तयार करण्यात नाही, ते काबूत ठेवण्यात आहे.

साइनबोर्डचा जुना ट्रान्सफॉर्मर मिळालाय. चालेल?

तो १५ हजार व्होल्ट आणि ३० मिलिअँपिअरपर्यंतचा असू शकतो, मेनवर चालतो, वजन काही किलो. हातात धरायच्या वस्तूला तो कधीच लावायचा नाही. हृदय थांबायला ३० मिलिअँपिअर पुष्कळ झाले.

डास मारायच्या बॅटमधलं सर्किट तर छोटंसंच असतं की.

आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच. त्यात एका ट्रान्झिस्टरचा ऑसिलेटर, बारीक ट्रान्सफॉर्मर, आणि पुढे डायोड-कपॅसिटर लावून व्होल्टेज वाढवलेलं असतं. बाहेर येतं ते डीसी, तेही कपॅसिटरमध्ये साठवलेलं. डासाला एक फटका पुरतो, ट्यूबला सतत करंट लागतो. त्यामुळे ट्यूब नुसती टिकटिक करत चमकते. शिवाय स्विच बंद केल्यावरही तो कपॅसिटर भरलेला राहतो आणि मग डासाचा फटका तुम्हाला बसतो.

डीसीची आणखी एक खोड आहे. पाऱ्याची निळी ट्यूब बराच वेळ डीसीवर ठेवली तर पारा एका टोकाला सरकतो आणि दुसरं टोक फिकं पडत जातं. नुसत्या निऑनला तो त्रास नाही, पण एकच इलेक्ट्रोड सारखा मार खातो. तेव्हा एसीच हवं.

जुन्या डबा टीव्हीतला हाय-व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर, म्हणजे फ्लायबॅक, चालेल?

नको. रंगीत टीव्हीच्या फ्लायबॅकमध्ये डायोड आतच ओतलेला असतो, म्हणजे पुन्हा डीसी, आणि व्होल्टेज गरजेच्या कितीतरी पट. इन्सुलेशन सांभाळता सांभाळता हातातली वस्तू खलबत्त्याएवढी होते.

मग सुरुवात कुठून करू?

भंगारातून. एलईडी यायच्या आधीच्या लॅपटॉपमध्ये, एलसीडी मॉनिटरमध्ये, स्कॅनरमध्ये मागे बारीक पांढरी ट्यूब असायची, सीसीएफएल. तिला पेटवणारा इन्व्हर्टर बोटाएवढा असतो आणि आपल्याला हवं तेच करतो: १२ व्होल्ट घेऊन पेटवताना हजार-दीड हजार आणि पेटल्यावर ६००-७०० व्होल्ट, ५-६ मिलिअँपिअर, ३० ते ६० किलोहर्ट्झ एसी. एक फुटाच्या बारीक निऑनला जणू मापून शिवलेला सदरा.

माझं मत विचाराल तर दहापैकी आठ जणांनी इथेच थांबावं. स्वतःच्या हाताने वाइंडिंग केल्याचा आनंद वेगळा असतो हे मान्य, पण आधी तयार इन्व्हर्टरवर ट्यूब पेटवून, हातात धरून, तिचे नखरे समजून घ्या.

इन्व्हर्टर काढताना जुनी पांढरी ट्यूब फोडू नका. तिच्यात थोडा का होईना, पारा असतो.

इन्व्हर्टर लावला. ट्यूब पेटते आणि एक-दोन सेकंदांत विझते. इन्व्हर्टर खराब आहे का?

उलट, शहाणा आहे. लॅपटॉप-मॉनिटरच्या इन्व्हर्टरमध्ये ट्यूबचा करंट मोजणारं सर्किट असतं. करंट अपेक्षेप्रमाणे परत आला नाही की ट्यूब तुटली असं समजून तो स्वतःला बंद करतो. तुमची निऑन त्याच्या ओळखीची नाही. पहिल्यांदा परतीची तार बघा: ती कनेक्टरच्या ठरलेल्या पिनवरच गेली पाहिजे, सरळ ग्राउंडला जोडून चालत नाही. तरी बंद पडत असेल तर स्कॅनरमधला किंवा कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये शोभेसाठी लावायचे तसला साधा इन्व्हर्टर शोधा. त्यात दोन ट्रान्झिस्टर असतात, डोकं नसतं.

मला स्वतःच वाइंडिंग करायचंय. हिशोब सांगा.

सांगतो. सर्किट रॉयरचं: दोन ट्रान्झिस्टर आळीपाळीने चालतात, मधल्या टॅपला चोकमधून सप्लाय जातो, प्रायमरीवर एक चांगला फिल्म कपॅसिटर, आणि बेसला फीडबॅक द्यायला दोन-तीन वेढ्यांचं वेगळं वाइंडिंग. लाट साइनसारखी गोल येते, म्हणून कोरोना (टोकांवरून हवेत होणारी विजेची गळती) आणि रेडिओतली खरखर कमी.

या सर्किटमध्ये संपूर्ण प्रायमरीवर येणारं शिखर-व्होल्टेज हे सप्लायच्या पाय पट असतं, म्हणजे ३.१४ पट. तीन सेलच्या बॅटरीचे ११.१ व्होल्ट धरले तर सुमारे ३५ व्होल्ट शिखर, आरएमएस (म्हणजे एसीचं परिणामी व्होल्टेज) २४.७. म्हणून ट्रान्झिस्टर ६० व्होल्टच्या खालचा नको. "बारा व्होल्टचं सर्किट आहे, तीसचा चालेल" असं म्हणून उडवलेले ट्रान्झिस्टर माझ्या डबीत आहेत, त्यातले अर्धे माझेच.

कोर ईई-२५ फेराइट. प्रायमरी १० अधिक १० वेढे, २६ गेज. सेकंडरी १००० वेढे, ४२ गेज. गुणोत्तर ५०, म्हणजे सेकंडरीवर १२३५ व्होल्ट आरएमएस, शिखर साडेसतराशेच्या घरात. एवढ्यात एक फुटाची ट्यूब पेटते. ५० किलोहर्ट्झला या कोरमध्ये फ्लक्स (चुंबकत्वाची घनता) सुमारे ०.१ टेस्ला येतो, कोर कोमटही होत नाही. हेच ईई-१९ वर केलंत तर दुपटीच्या पुढे जातो आणि मूठ गरम लागते. कॉम्पॅक्टच्या हौसेपायी कोर लहान करत सुटू नका.

आता अडवणारा. सेकंडरीला सिरीजमध्ये १५ पिकोफॅरड, ३ किलोव्होल्टचा सिरॅमिक कपॅसिटर. ५० किलोहर्ट्झला त्याचा अडथळा सुमारे २१२ किलोओहम. म्हणजे ट्यूबच्या जागी सरळ शॉर्ट केलं तरी करंट ५.८ मिलिअँपिअरच्या पुढे जात नाही, आणि ट्यूब लावली की साधारण ५.३. बघा, शॉर्ट असो की ट्यूब, करंटात फरक जेमतेम अर्ध्या मिलिअँपिअरचा. १५ चा नाही मिळाला तर ३३ चे दोन सिरीजमध्ये लावा, साडेसोळा होतो. रेझिस्टरने हेच काम झालं असतं, पण तो पॉवर जाळून तापला असता. कपॅसिटर गारच राहतो.

सेकंडरी एका दमात गुंडाळू नका. बॉबिनवर चार खण करून खणात अडीचशे वेढे, म्हणजे एका खणात तीनशे व्होल्टच्या आसपास. सरळ थरावर थर चढवले तर पहिल्या थराची सुरुवात आणि दुसऱ्या थराचा शेवट शेजारी येतात, त्यांच्यात व्होल्टेजचा फरक मोठा, आणि तारेवरचं एनॅमल तिथेच फुटतं. बाहेरून काही दिसत नाही, नुसता बॅटरीचा करंट वाढतो आणि ट्यूब पेटत नाही.

एवढी बारीक तार कोल्हापुरात मिळेल?

आपल्याकडे शेतीपंपाच्या मोटारी रिवाइंड करणारी दुकानं ढिगाने. २६ गेज, स्लीव्ह, इन्सुलेशनचा कागद, वॉर्निश हे सगळं तिथे वजनावर मिळतं. ४२ गेज मागितलंत तर मात्र दुकानदार तुमच्या तोंडाकडे बघेल. ती केसासारखी तार, ०.१ मिलिमीटर. जुन्या रिलेच्या कॉइलमधून, छोट्या ॲडॉप्टरच्या ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीतून उलगडून घ्या. घाई केली की तुटते; मधे जोड देऊ नका, सरळ नवीन सुरुवात करा.

बॅटरी कोणती, किती टिकेल?

१८६५० मापाचे तीन लिथियम सेल सिरीजमध्ये, सोबत तीन सेलचा बीएमएस (सेल सांभाळणारं छोटं सर्किट) आणि एक अँपिअरचा फ्यूज. ट्यूबला अडीच वॉट, सर्किटची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर बॅटरीतून तीन वॉटच्या वर थोडं, म्हणजे ०.२८ अँपिअर. २५०० मिलिअँपिअर-तासाचे खरे सेल असतील तर आठ तासांच्या पुढे. "खरे" हा शब्द मुद्दाम लिहिला. ९९०० छापलेले स्वस्त सेल मिळतात, त्यातला आकडा फक्त छपाईचा असतो.

हातात धरली की अर्धीच ट्यूब लखलखते, टोकाकडे मंद होते.

हा तुमच्या हाताचा प्रताप. काच, बाहेरचा हात आणि आतला पेटलेला वायू मिळून एक कपॅसिटर होतो. नुसते १० पिकोफॅरड धरा: ४० किलोहर्ट्झला अडथळा ४०० किलोओहम, आणि हजार व्होल्टला त्यातून अडीच मिलिअँपिअर जाणार. म्हणजे निम्मा करंट ट्यूबच्या दुसऱ्या टोकाला पोचायच्या आधीच हातातून पळाला.

उपाय तीन. ट्यूबभोवती दुसरी ॲक्रिलिकची नळी घाला, मध्ये पाच-सहा मिलिमीटर मोकळी जागा ठेवा. इन्व्हर्टर मुठीतच ठेवा, हाय-व्होल्टेजची तार १० सेंटिमीटरच्या वर लांबवू नका, आणि ती ॲल्युमिनियमच्या पाइपातून तर नेऊच नका. कोणीतरी सुबक दिसतं म्हणून ॲल्युमिनियमची मूठ करून आणली होती. सगळा उजेड मुठीने खाल्ला.

ट्यूबमध्ये माळेच्या मण्यांसारखे गोळे दिसतात, कधी सरकतात.

उच्च फ्रिक्वेन्सीवर निऑनमध्ये असं होतं, ट्यूब बिघडलेली नाही. कोणाला आवडतं, कोणाला नाही. घालवायचं असेल तर एसीमध्ये किंचित डीसी मिसळतात, किंवा फ्रिक्वेन्सी थोडी हलवून बघतात. एका नाटकवाल्याने तर "हेच ठेवा" म्हणून सांगितलं. मग मी कशाला हात लावतोय!

अंधारात स्विच दाबल्यावर पेटायला क्षणभर वेळ का लागतो?

पहिली ठिणगी पडायला नळीत दोन-चार मोकळे इलेक्ट्रॉन लागतात. उजेडात ते प्रकाशामुळे सुटतात, गडद अंधारात वाट बघावी लागते. मोबाइलचा टॉर्च एकदा ट्यूबच्या टोकावर मारा, चट्कन पेटेल.

पावसाळ्यात बंद पडली. का?

कोल्हापूरचा जुलै! कोरड्या हवेला फुटायला मिलिमीटरला सुमारे ३ किलोव्होल्ट लागतात, पण तो आकडा गुळगुळीत, समान अंतरावरच्या पृष्ठभागांचा. सोल्डरचं टोक अणकुचीदार राहिलं, पीसीबीवर सोल्डरिंगच्या फ्लक्सचा चिकटा राहिला आणि त्यावर दमट हवेचा थर बसला की दीड हजार व्होल्टसुद्धा पृष्ठभागावरून सरपटत जातात. एकदा वाट पडली की तिथे कोळसा होतो, आणि कोळसा वीज वाहतो. मग ती वाट खरवडून काढावी लागते. हाय-व्होल्टेजच्या दोन बिंदूंमध्ये ८-१० मिलिमीटर सोडा, मध्ये पीसीबीला खाच पाडा, फ्लक्स धुऊन काढा, सोल्डरचे थेंब गोल ठेवा. अंधारात निळसर धूसर चमक दिसली किंवा ओझोनचा उग्र वास आला तर तिथे गळती आहे. जवळ जुना मीडियम वेव्ह रेडिओ धरा, गळतीची खरखर कानाला लगेच वेगळी कळते.

सगळं चाललं की मग ओतून बंद करायचं. यात मी स्वतः चूक केली आहे. बाथरूमच्या कामाचं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन ट्रान्सफॉर्मरवर भरलं. तो वास ॲसिटिक आम्लाचा. दोन महिन्यांत ४२ गेजची तार हिरवी पडून तुटली आणि हजार वेढे पुन्हा. तेव्हापासून न्यूट्रल क्युअर (आम्ल न सोडणारं) सिलिकॉन किंवा इपॉक्सी. पहिल्या प्रयोगाला तर साधं मेण बरं, चुकलं तर वितळवून काढता येतं.

शॉक किती जोराचा बसतो?

"फक्त ५ मिलिअँपिअर" म्हणून हसण्यावारी नेऊ नका. या फ्रिक्वेन्सीला साध्या शॉकसारखा झटका जाणवतोच असं नाही, आणि तोच धोका आहे: जाणवायच्या आत कातडी भाजते. छोटा पांढरा ठिपका दिसतो, खोल जातो, भरायला वेळ घेतो. दचकून हात मागे घेताना काच फुटते ती वेगळीच.

म्हणून इलेक्ट्रोडच्या दोन्ही टोकांना सिलिकॉनच्या टोप्या, मुठीला दाबून धरायचा स्विच म्हणजे ट्यूब हातातून पडली की सप्लाय बंद, बॅटरी काढल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, आणि टेबलावर चालू सर्किटला हात लावायची वेळच येऊ नये अशी जोडणी. घरी एकट्याने रात्री दीड वाजता हे करत बसू नका. छातीत पेसमेकर असलेल्या माणसाच्या हातात ही वस्तू देऊ नका.

मल्टीमीटरने आउटपुट मोजू?

मल्टीमीटर जाईल. तो फार तर ६०० किंवा १००० व्होल्टचा, आणि ५० किलोहर्ट्झला त्याचा आकडा तसाही खोटा. हाय-व्होल्टेज प्रोब मिळाला तर उत्तम. नाहीतर बॅटरीचा करंट बघा: ०.२५ ते ०.३ अँपिअर असेल आणि ट्यूब टोकापर्यंत भरून पेटत असेल तर ठीक. अर्धा अँपिअर जातोय आणि उजेड नाही, तर वाइंडिंगमध्ये शॉर्ट.

मूठ आणि टोकाच्या टोप्या कशाच्या करू?

इथे कोल्हापूरकरांनी तक्रार करायला जागाच नाही. बाबूराव पेंटरांनी मूकपटाच्या काळात इथेच स्वतःचा सिनेमा कॅमेरा घडवला होता, तुम्हाला तर नुसती मूठ हवी आहे. नायलॉनचा रॉड घेऊन शिवाजी उद्यमनगरात जा, कागदावर मापं लिहून न्या. लेथवर टोप्या कातून मिळतात, आटेसुद्धा पाडून देतात. ट्यूब टोपीत घट्ट बसवू नका, मध्ये रबराची ओ-रिंग ठेवा. काच आणि नायलॉन तापल्यावर वेगवेगळे फुगतात. स्क्रू नायलॉनचेच. बाकी मुठीला पीव्हीसी पाइप आणि वर मोटारसायकलचं ग्रिप.

व्हिडिओत पट्टे येतील का?

५० हर्ट्झच्या ट्रान्सफॉर्मरवर ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, त्यामुळे येतात. ४०-५० किलोहर्ट्झला येत नाहीत. एक्स्पोजर मात्र थोडं खाली ठेवा. कॅमेऱ्याचा लाल चॅनेल आधी भरतो आणि ट्यूब गुलाबी-पांढरी दिसायला लागते.

गणपतीच्या मिरवणुकीत नेऊ?

महाद्वार रोडवरची गर्दी, वरून पाऊस, हातात काच आणि दीड हजार व्होल्ट. नको. तिथे एलईडीची पट्टीच न्या.

फुटली तर?

लाल निऑनमध्ये विषारी काही नाही, काचेचीच भीती. निळी किंवा पांढरी असेल तर पारा आहे: खिडक्या उघडा, झाडू किंवा व्हॅक्यूम वापरू नका, जाड कागदाने आणि चिकटपट्टीने तुकडे उचलून बंद डब्यात ठेवा.

तुम्हीच बनवून द्याल का?

विकायला बनवत नाही. ट्यूब आणि इन्व्हर्टर घेऊन या, टेबलावर लावून बघू. येताना ट्यूब रिक्षात मांडीवर धरा, स्कूटरच्या डिकीत नको. मागच्या महिन्यात एकाने डिकीतून आणली, आम्ही मग नुसता चहा प्यायलो.